गुणफलक खरा, कारण वेगळे : दोन संगणकांच्या पहिल्या बुद्धिबळ-लढतींपैकी एक

१/ आजचा धागा बुद्धिबळाचा आहे. पण आरंभ माझ्या एका फजितीपासून करावा लागेल. गेल्या महिन्यात वसतिगृहाच्या खोलीत मी दोन लॅपटॉप शेजारी-शेजारी मांडले. एक माझा, एक मैत्रिणीचा. दोन्हींवर स्टॉकफिश हे बुद्धिबळाचे इंजिन : माझ्याकडे जुनी आवृत्ती, तिच्याकडे नवी. रात्रभरात १०० डाव आपोआप व्हावेत, अशी जोडणी करून आम्ही झोपलो.

२/ सकाळी निकाल पाहिला, तर जुन्या आवृत्तीने नवीला चारी मुंड्या चीत केलेले! मग नोंदी चाळल्या. बाराव्या डावानंतर पटावर एकही चाल नव्हती. वीज वाचवण्याच्या सोयीमुळे मैत्रिणीचा लॅपटॉप निद्रिस्त झाला होता, आणि माझा लॅपटॉप पुढचा प्रत्येक डाव निमूटपणे स्वतःच्या नावे लिहून घेत होता.

३/ हसू आले, पण ते टिकले नाही. टेबलावर माझा सेमिनारचा निबंध पडला होता आणि त्यात मी लिहिले होते : ‘शीतयुद्धातील या लढतीत सोव्हिएत संगणक अमेरिकी संगणकापेक्षा सरस ठरला.’ माझा आधार कोणता? केवळ ३-१ हा गुणफलक.

४/ ती लढत अशी. नोव्हेंबर १९६६ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड आणि मॉस्कोतील सैद्धान्तिक व प्रायोगिक भौतिकी संस्था यांच्या संगणकांत चार डाव सुरू झाले. चाली तारेने जात. यंत्राने चाल ठरवायची, माणसाने ती तारेने पाठवायची, पलीकडे माणसानेच ती यंत्राला सांगायची. हा क्रम सुमारे नऊ महिने चालला. दोन डाव मॉस्कोने जिंकले, दोन बरोबरीत सुटले.

५/ आता नोंदींच्या आत शिरू. मॉस्कोचे यंत्र स्टॅनफर्डच्या आयबीएम ७०९० पेक्षा मंद होते! मग विजय कशाचा? विचारपद्धतीचा. क्लॉड शॅनन यांनी १९५० च्या निबंधात दोन मार्ग सांगितले होते : ठरावीक खोलीपर्यंत प्रत्येक शक्य चाल तपासणे, किंवा मोजक्या आशादायक चाली निवडून त्यांचाच पाठपुरावा करणे.

६/ स्टॅनफर्डचा प्रोग्रॅम मुळात ॲलन कोटोक आणि सहकारी विद्यार्थ्यांनी एमआयटीत, जॉन मॅकार्थी यांच्या मार्गदर्शनाखाली लिहिलेला. तो दुसऱ्या मार्गाचा. माणसासारखा निवड करणारा. पण निवडीतून निर्णायक चालच निसटली, तर ती त्याला दिसतच नसे. मॉस्कोचा प्रोग्रॅम सर्व चाली तपासणारा. दोन डावांत तो तीन अर्धचाली पुढचे पाहत होता. ते बरोबरीत सुटले. उरलेल्या दोहोंत पाच अर्धचाली. ते त्याने जिंकले. त्यांतला एक तर अवघ्या १९ चालींत.

७/ म्हणजे माझे वाक्य अपुरे नव्हते, चुकीचेच होते. सरस ठरले ते यंत्र नव्हे. आणि ‘सोव्हिएत’ हे विशेषणही वाटते तितके सरळ नाही. ज्यांच्या प्रयोगशाळेत हे काम झाले, त्या गणितज्ञ अलेक्सांद्र क्रोनरोद यांचे पुढे काय झाले, ते पाहा.

८/ १९६८ मध्ये गणितज्ञ अलेक्सांद्र येसेनिन-वोल्पिन यांना बळजबरीने मनोरुग्णालयात डांबण्यात आले. त्याविरुद्धच्या पत्रावर ९९ गणितज्ञांनी सह्या केल्या. त्यांत क्रोनरोद होते. त्यांना आपले पद गमवावे लागले. त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या संस्थेत जाऊन ‘काइसा’ हा प्रोग्रॅम घडवला. १९७४ मध्ये स्टॉकहोमच्या पहिल्या जागतिक संगणक-बुद्धिबळ स्पर्धेत तो चारही डाव जिंकून विजेता ठरला. त्या सहकाऱ्यांपैकी गेओर्गी अडेल्सन-वेल्स्की यांना संगणकशास्त्राचे विद्यार्थी ‘एव्हीएल ट्री’मुळे ओळखतात; त्या नावातले पहिले ‘एव्ही’ ते त्यांचेच.

९/ ज्या राज्याच्या खात्यावर मी हा विजय जमा केला होता, त्याच राज्याने या विजयामागच्या माणसाला दूर सारले. ३-१ या आकड्यांत हे कुठेच दिसत नाही. दिसणारही नाही, गुणफलकाचे ते काम नव्हे. ते काम आपले.

१०/ निबंधातले ते वाक्य मी खोडले. त्याच्या जागी आता दीड पान आहे. मैत्रिणीच्या लॅपटॉपची झोप बंद करून सामनाही पुन्हा लावला. नवी आवृत्ती जिंकली. पण या वेळी नोंदी आधी वाचल्या, गुण नंतर.