आमच्या घरातला सा

"तुमच्या या घरात सा लागत नाही रे," असं म्हणून बाबांनी तंबोऱ्याला गवसणी घातली, तो २०२४ सालचा जून महिना होता. सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी प्लेनोला येऊन त्यांना जेमतेम पंधरा दिवस झाले होते.

आधी बाबांची ओळख करून देतो. वय ७९, मुक्काम मिरज, आयुष्यभर बँकेत नोकरी, पण जीव सगळा गाण्यात. मिरज म्हणजे तंतुवाद्यांचं आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. तिथे गाणं न येणाऱ्यालाही तंबोरा बेसूर लागला तर कळतं! बाबा तरुणपणी गावातल्या एका बुवांकडे वीस वर्षं शिकले. त्या तालमीतल्या सव्वीस चिजा त्यांच्या वहीत आहेत, पण वहीत फक्त शब्द. चाल बाबांच्या गळ्यात. माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे आणि गाणं शिकते आहे. तिच्यासाठी या सव्वीस चिजा रेकॉर्ड करून ठेवायच्या, हा या मुक्कामाचा मुख्य कार्यक्रम होता. "बाबा, तुम्ही फक्त गा. बाकी सगळं माझ्यावर सोडा," असं मी फोनवर मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. एम.एस. होऊन वीस वर्षं आयटीत घासलेला माणूस, एक माइक आणि एक लॅपटॉप म्हणजे काय अवघड?

वरच्या मजल्यावरची रिकामी खोली आम्ही त्यांना गाण्यासाठी दिली. खिडकीखाली गादी, पाठीला लोड, शेजारी तंबोरा. पहिल्याच दिवशी बाबा अस्वस्थ झाले. "सा लावला की सगळं घुमतं. माझा आवाजच मला ऐकू येत नाही." आवाज ऐकू येत नाही म्हणून ते जोर लावत, मग घसा बसे, आणि रेकॉर्डिंग ऐकलं की सगळीकडे नुसता गुरगुराट. चौथ्या-पाचव्या दिवशी मी वैतागून म्हणालो, "बाबा, आता वय झालं. रियाजही सुटलाय. असं होणारच."

त्यांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी गवसणी घातली. मग ते सकाळी सहाला फिरायला जायचे, नंतर दिवसभर पुस्तक वाचायचे, आणि गाण्याचा विषय निघाला की "बघू पुढे" म्हणायचे.

बायकोच्या आग्रहावरून जुलैअखेर त्यांचे कान तपासून घेतले. मला वाटलं होतं, माझंच म्हणणं खरं ठरणार. रिपोर्टात उजवीकडची रेघ खाली घसरलेली होती, म्हणजे उंच, बारीक आवाज त्यांना कमी ऐकू येतात. वयानुसार बहुतेकांचं तसंच होतं. पण डावीकडची, खालच्या स्वरांची रेघ छान सरळ! मग घुमतं ते काय? घरी आलो, वर गेलो, आणि दीड महिन्यात पहिल्यांदाच बाबांच्या गादीवर त्यांच्यासारखा लोडाला टेकून बसलो. घशातल्या घशात त्यांचा सा लावला. अंगावर काटा आला. सगळी खोली माझ्याबरोबर गुणगुणत होती, खिडकीची काचसुद्धा थरथरत होती. स्वर जरा वर नेला की सगळं शांत. बाबांचे कान बरोबर होते. चुकत होती ती माझी खोली!

त्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तुम्हीही आपल्या घरी हे गणित करून पाहा, सोपं आहे. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. आमची खोली बारा फूट लांब, साडेदहा फूट रुंद आणि आठ फूट उंच. आवाज जमिनीपासून छतापर्यंत जाऊन परत येतो, म्हणजे सोळा फूट. ११३० भागिले १६ म्हणजे साधारण ७१. सेकंदाला ७१ आंदोलनांचा आवाज या खोलीत आपल्याच प्रतिध्वनीवर स्वार होऊन फुगतो. त्याच्या दुपटीचा, १४१ चाही तसाच. आता लांबी घ्या. जाऊन-येऊन चोवीस फूट, म्हणजे ४७, आणि त्याची तिप्पट पुन्हा १४१! बाबा गातात काळी एकमध्ये. त्यांचा सा आहे १३९, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, साधारण ६९. खोलीचा फुगवटा काही एका आकड्यावर नेमका बसत नाही, आजूबाजूचे दोन-चार आकडेही तो पोटात घेतो. म्हणजे जो स्वर बाबांनी साठ वर्षं घासला, नेमका तोच ही खोली गिळत होती. तंबोऱ्याला एक भोपळा पुरतो. आम्ही बाबांना दुसऱ्या भोपळ्याच्या आत बसवलं होतं!

मग मिरजेच्या घरात का होत नाही? तिथे बाबा माजघरात बसतात. कोपऱ्यात गाद्यांची वळकटी, वलणीवर कपडे, आणि मुख्य म्हणजे दार-खिडक्या सताड उघड्या. आवाज बाहेर जातो तो परत येतच नाही. गंमत पाहा, १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात बोललेलं काही समजत नसे. वॉलेस सेबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणून त्या घुमण्याचं मोजमाप केलं, आणि आवाज शोषण्याचं एकक ठरवलं 'उघडी खिडकी'. मिरजेत आमच्याकडे हे एकक जन्मापासून होतं! प्लेनोच्या ऑगस्टात शंभरीपार गेलेल्या उन्हात खिडकी कोण उघडणार?

मी पहिला उपाय केला तो चुकीचा. जाहिरात पाहून एक इंच जाडीचा फोम मागवला आणि भिंतीभर चिकटवला. घुमणं तसंच राहिलं, उलट बाबा म्हणाले, "आता तर जवारीही ऐकू येईना." कारण पातळ फोम फक्त उंच स्वर खातो. बाबांना मुळात जे कमी ऐकू येत होतं, तेच मी आणखी काढून घेतलं. खर्जाची लाट सोळा फुटांची, ती इंचभर स्पंजला काय दाद देणार? शिवाय भिंतीला अगदी लागून हवा हलतच नाही, आणि धाग्यांत अडकून आवाज जिरायला हवा हलावी लागते. म्हणून जाड वस्तू हवी, भिंतीपासून सुटी हवी, आणि कोपऱ्यात हवी, कारण खोलीतले सगळे फुगवटे कोपऱ्यात एकत्र येतात. याला म्हणतात 'बेस ट्रॅप'. बायको म्हणाली, "ट्रॅप? वर उंदीर झालेत का?"

साहित्य सांगतो, कुणाला करायचं असेल तर. होम डेपोमध्ये भिंतीत भरायची दगडी लोकर मिळते, मिनरल वूल. ४७ इंच लांब, सव्वापंधरा इंच रुंद, तीन इंच जाड अशा बारा पाट्या एका गठ्ठ्यात. असे दोन गठ्ठे, एक बाय सहाच्या लाकडी पट्ट्या, स्क्रू आणि कापड. दोन पाट्या एकावर एक ठेवून सहा इंच जाडीची चौकट करायची. दोन चौकटी एकावर एक उभ्या केल्या की आठ फुटी कोपरा बरोबर भरतो. कोपऱ्यात त्या तिरक्या उभ्या करायच्या, मागची तिकोनी पोकळी मोकळी सोडायची. दार सोडून तीन कोपऱ्यांत सहा, आणि भिंत-छताच्या सांध्यात सहा, छतातल्या लाकडाला पक्क्या स्क्रू करून. कापडाची परीक्षा एकच, फुंकर मारली की वारा पलीकडे गेला पाहिजे. कापडाच्या दुकानात तागा उलगडल्यावर बाबा हसले. "अरे, हा तर आपला मांजरपाट!" एकूण खर्च चारशे डॉलरच्या आसपास. लोकर कापताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि करोनाच्या दिवसांतले उरलेले मास्क मात्र हवेतच, नाहीतर दोन दिवस अंग खाजतं.

गराजमध्ये दोन शनिवार-रविवार गेले. मी लाकूड कापायचो, मुलगी कापड ताणून धरायची आणि बाबा स्टेपल मारायचे. त्यांना हे आवडलं. मिरजेत लहानपणी शाळेतून येताना तंबोऱ्याच्या कारागिरांकडे तासन्‌तास बसायचो, असं सांगत होते. काम चालू असताना मी एकदा म्हणालो, "बाबा, मी तेव्हा वयाबद्दल बोललो, ते चुकलं." त्यांनी स्टेपल मारला आणि म्हणाले, "हं. तो कोपरा सुरकुतलाय, नीट ओढ."

मोजणीसाठी फुकट मिळणारं 'रूम ईक्यू विझार्ड' वापरलं. खरं सांगायचं तर ७१ वर फरक थोडाच पडला, तिथे सहा इंचही कमीच. पण १४१ वरचा डोंगर टेकडी झाला आणि रेंगाळणारा आवाज लवकर मिटू लागला. शिवाय एक बिनखर्ची उपाय सापडला. बाबांची गादी भिंतीपासून दोन फूट पुढे ओढली, तेवढ्यानेही बराच फरक पडला. हे तर पहिल्या दिवशीच करता आलं असतं, फक्त त्यांच्या जागी बसून पाहायला हवं होतं. बाबांनी तंबोरा लावला, सा लावला, डोळे मिटून थोडा वेळ थांबले. "हं, आता खोली गप्प बसली," म्हणाले, आणि गायला लागले.

तोपर्यंत सप्टेंबर उजाडला होता. नोव्हेंबरमध्ये ते परत गेले. मध्ये एक आठवडा सर्दीत गेला, गणपती आणि दिवाळीची पाहुणेमंडळी झाली. सव्वीसपैकी अठरा चिजा झाल्या, आठ राहिल्या. ज्या आठवड्यांत तंबोरा गवसणीत होता, तेवढ्यात त्या आरामात झाल्या असत्या, हा हिशेब मला गणित न करताही येतो.

आमच्याकडे येणारे आईवडील हल्ली "ऐकू येत नाही", "करमत नाही", "इथे जमत नाही" असं काही म्हणाले की आपण चटकन त्यांच्या वयाकडे बोट दाखवतो. मी आता आधी खोली तपासतो.

येत्या डिसेंबरात मी मिरजेला चाललोय. माइक बॅगेत टाकलाय. माजघरात बसू, खिडकी उघडीच ठेवू. रेकॉर्डिंगमध्ये रिक्षांचे हॉर्न आले तर येऊ देत.