आई-बाबांचा सायकल वीकेण्ड

परदेशात नोकरी करणाऱ्या आपल्या कुठल्याही मित्राच्या घरी उन्हाळ्यात एक सीन हमखास दिसतो. आई-बाबा तीन महिन्यांसाठी आलेले असतात. पहिला आठवडा किल्ले, चर्च आणि फोटो. मग मुलं लॅपटॉपवर आणि हे दोघं खिडकीत. बाहेर पडावं तर पाऊस, आणि वर ‘एकटे कुठे जाऊ नका हं’ ही ताकीद. गेल्या जूनमध्ये डब्लिनला माझ्या मावसबहिणीकडे, म्हणजे ताईकडे, सेम टु सेम हेच चाललं होतं.

मावशी ६६ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पडली, मनगट मोडलं. हाड जुळलं, भीती तशीच राहिली. काका ७१, दोन्ही गुडघे कुरकुरतात. मावशी पडल्यापासून ताईची एक नियमावली लागू आहे: स्टुलावर चढायचं नाही, जिना टाळायचा, बसने जायचं नाही. त्यामुळे मी वॉटरफर्ड ग्रीनवेचं नाव काढलं तेव्हा ती जवळजवळ किंचाळलीच, “वेडी आहेस का? आईला सायकलवर?”

तर हा ग्रीनवे म्हणजे काय प्रकार? आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ वॉटरफर्ड ते डंगारवन अशी रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली. १९६७ मध्ये पॅसेंजर गाड्या बंद झाल्या, मालगाड्या १९८२ पर्यंत चालल्या. मग रुळांवर झुडपं. २०१७ मध्ये त्याच मार्गावर ४६ किलोमीटरचा गुळगुळीत डांबरी ट्रॅक तयार झाला, फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी. तिकीट नाही, गाड्या नाहीत, हॉर्न नाहीत.

म्हाताऱ्या गुडघ्यांसाठी यातली खरी ग्यानबाची मेख ‘रेल्वे’ या शब्दात आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं, त्यामुळे इंजिनाला चढ झेपत नाही. कसारा घाटात ३७ मीटरला एक मीटर एवढाच चढ आहे, तरी तिथे गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. म्हणून जुन्या इंजिनियर लोकांनी टेकडी आली की बोगदा खणला आणि दरी आली की कमानींचा पूल बांधला. चढ इतका हलका ठेवला की तो डोळ्यांना दिसतच नाही. वाफेच्या इंजिनासाठी केलेली ती मेहनत आज ७१ वर्षांच्या माणसाच्या कामी येते.

अख्खे ४६ किलोमीटर करायचा अट्टहास मुळीच करू नका. मार्गाचे टप्पे पडलेले आहेत, कुठूनही चढा, कुठेही उतरा. आम्ही किलमॅकथॉमस ते डंगारवन हा २२ किलोमीटरचा भाग निवडला. एक तर सगळी मजा याच भागात आहे, आणि शेवट समुद्राकडे हळूहळू उतरत जातो.

सायकल भाड्याने घेताना पहिला प्रॉब्लेम काकांचा. दुकानातल्या मुलाने त्यांच्यासमोर मधला दांडा नसलेली ई-बाइक आणून उभी केली. “ही लेडीज सायकल मला?” सदाशिव पेठेतून रोज पिंपरीला सायकलने नोकरीला गेलेल्या माणसाचा हा अपमानच होता! पण दांड्यावरून पाय टाकायला गेले आणि गुडघ्याने निकाल दिला. ई-बाइक म्हणजे स्कूटर नव्हे, बरं का. पॅडल मारावंच लागतं. युरोपातल्या नियमाप्रमाणे मोटर २५० वॅटची, आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर ती मदत थांबवते. मागून कोणीतरी पाठीला हात लावून ढकलतंय, असं वाटतं.

मावशीसाठी तीनचाकी. पुढे एक चाक, मागे दोन, मध्ये टोपली. गंमत म्हणजे ज्याला सायकल येते त्यालाच ती आधी जड जाते. आपल्याला झुकून वळायची सवय, आणि ही झुकतच नाही, हॅण्डलनेच वळवावी लागते. मावशीने पार्किंगमध्ये चार चकरा मारल्या, दोनदा कडेच्या गवतात घुसली. ताई मोबाइलवर जवळचं हॉस्पिटल शोधत होती.

आणि निघालो. आठ कमानींचा उंच पूल, खाली गाव आणि नदी, उजवीकडे कॉमरा पर्वताच्या निळसर रांगा. कुंपणापलीकडे मेंढ्या. समोरून येणाऱ्यांत निम्मे तरी पांढऱ्या केसांचे. एक आजोबा कुत्र्याला टोपलीत बसवून चाललेले, दोन आज्या शेजारीशेजारी गप्पा मारत पॅडल मारतायत. कोणाला कसलीच घाई नाही. प्रत्येक जण हॅलो म्हणतो, आणि तिसऱ्या किलोमीटरनंतर काकाही प्रत्येकाला हॅलो म्हणायला लागले.

मी त्यांना विचारलं, “काका, गुडघ्यांमुळे सायकल सोडलीत ना तुम्ही?”

“छे गं! गुडघे नंतर गेले. मागून येणाऱ्या बसच्या हॉर्नमुळे सोडली. दचकून दोनदा गटारात गेलो. म्हटलं, आता पुरे.”

पुण्यात माझ्या ऑफिसला जायच्या रस्त्यावर सायकल ट्रॅक आहे. त्यावर बाइक पार्क केलेल्या असतात, पुढे एक डीपी, मग ट्रॅक गायब. पंचविशीतली मी तिथून सायकल नेत नाही, तर काकांनी कशी न्यावी? आपण मात्र ‘बाबांचं वय झालं’ म्हणून मोकळे होतो.

१२ किलोमीटरवर डरो नावाच्या जुन्या स्टेशनाचे अवशेष आहेत. तिथे थांबलो आणि भडका उडाला. सकाळपासून ताई मागून ‘आई हळू’, ‘आई डावीकडे’, ‘आई समोर बघ’ करत होती. आता मावशी दमलेली दिसल्यावर तिने दुकानाला फोन लावायला घेतला, सायकल आणि आई दोन्ही गाडीतून न्या म्हणून.

“मला विचारलंस?” मावशी म्हणाली.

“आई, तुझ्या भल्यासाठीच...”

“दोन वर्षं माझं भलंच चाललंय. घरातून देवळात, देवळातून घरात. मी दमलेय, पण मोडलेली नाहीये. आणि तू मागून ओरडतेस ना, त्यानेच जास्त दचकते मी.”

कोणी काही बोललं नाही. काकांनी डब्यातल्या दशम्या काढल्या. ताईने फोन पर्समध्ये टाकला, पण तिचे डोळे भरले होते. मनगट मोडलं त्या रात्री ती आठ हजार किलोमीटरवर होती आणि फोनवर फक्त रडणं ऐकत होती, हे मला माहीत होतं. तिची बाजूही काही खोटी नव्हती.

डरोच्या पुढेच बॅलीव्हॉइलचा बोगदा आहे. सुमारे ४०० मीटर, विटांचा, आत मिणमिणते दिवे. तोंडाशी दोन्हीकडच्या खडकांवर शेवाळ आणि नेचे लोंबतात, वरून पाणी ठिबकतं, गारवा एकदम अंगावर येतो. आपल्या खंडाळ्याच्या बोगद्याचा फील, फक्त पायाने चालवायचा. मावशी तोंडाशीच थांबली. तीनचाकीचा खरा फायदा मला तिथे कळला. ती थांबली आणि थांबूनच राहिली. पाय टेकायची घाई नाही, तोल जायची भीती नाही. दोन मिनिटं तिने अंधाराकडे बघितलं, मग म्हणाली, “मी पुढे जाते. तुम्ही मागून या. आणि गप्प या.”

आम्ही गप्प गेलो! फक्त काका मधेच म्हणाले, “आमच्या वेळी दिवा नसला की पोलीस पकडायचे,” आणि ते वाक्य बोगदाभर घुमलं.

बाहेर पडलात की लगेच पूल. हा १९२२ मध्ये आयरिश यादवी युद्धात उडवला होता, १९२४ मध्ये पुन्हा बांधला. त्यानंतर काही वेळातच डावीकडे अचानक समुद्र येतो, आणि डंगारवनच्या खाडीपर्यंत सोबत राहतो. २२ किलोमीटरला आम्हाला थांबत थांबत पाच तास लागले. डंगारवनला ‘ब्ला’ खाल्ला. हा वॉटरफर्डचा मऊ, पीठ भुरभुरलेला पाव. आत बटाटेवडा घातला तर काय बहार येईल, यावर आमचं चौघांचंही एकमत झालं.

डब्लिनहून वॉटरफर्डला ट्रेनने दोन-सव्वादोन तास लागतात, पण किलमॅकथॉमसला जायचं तर कार बरी. तीनचाकी हवी असेल तर आधी फोन करून ठेवा. परतीची सोयही तेव्हाच विचारून घ्या, आम्ही दुकानाच्या गाडीतून परत आलो. विंडचीटर जूनमध्येही लागतो. पॅडल मारणं अजिबातच शक्य नसेल, तर ‘सायकलिंग विदाउट एज’ ही चळवळ ऐकून ठेवा. २०१२ मध्ये कोपनहेगनमध्ये ओले कासॉव या माणसाने वृद्धाश्रमातल्या लोकांना सायकलरिक्षातून फिरवायला सुरुवात केली. आजी-आजोबा पुढे बसतात, स्वयंसेवक मागून चालवतो. आता ती आयर्लंडसह बऱ्याच देशांत आहे.

पुढच्या मंगळवारी ताई मीटिंगमध्ये असताना मावशी आणि काका दोघंच ट्रेनने मेनूथला गेले. तिथून रॉयल कॅनालच्या काठाने १३० किलोमीटरचा दुसरा ग्रीनवे सुरू होतो, तोही सपाट. संध्याकाळी ताईच्या फोनवर मावशीचा मेसेज आला: ‘आम्ही कालव्यावर फिरतोय. उशीर होईल. कुकर लाव.’