घडी आणि टाका

मराठीत घडी म्हणजे चोवीस मिनिटांचा वेळ, आणि घडी म्हणजे दुमडून ठेवलेले वस्त्र. वर्गात हा शब्द आला, की मी दोन्ही अर्थ फळ्यावर लिहिते आणि मुलांकडून वाक्प्रचार गोळा करते. घडीभर थांबणे, संसाराची घडी बसणे, घडी विस्कटणे इथपर्यंत गाडी सुरळीत जाते. 'घडी मोडणे' याला मात्र वर्ग अडतो. नवे लुगडे पहिल्यांदा नेसणे म्हणजे त्याची घडी मोडणे. आपले कोरे लुगडे जिवाभावाच्या मैत्रिणीला किंवा नणंदेला 'तू घडी मोड' म्हणून आधी नेसायला द्यायचे, अशी एक रीत आपल्या बायकांत होती. इतके औदार्य माझ्या अंगी असेल असे मला वाटत नाही. पण रीत मोठी देखणी होती यात शंका नाही.

या वाक्प्रचारावरून गेल्या उन्हाळ्यात माझे आणि ताईचे चांगलेच वाजले.

आई गेली त्याला तीन वर्षे झाली. तिच्यामागे एक पत्र्याची ट्रंक राहिली आणि ट्रंकेत अकरा नऊवारी लुगडी. पैठणी एकही नाही. शाळामास्तरांच्या घरी पैठणी कुठून यायची? चार इरकली, दोन महेश्वरी आणि पाच रोजच्या नेसण्यातली, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. माझे म्हणणे असे, की त्या पाचांची गोधडी शिवावी. ताईचे म्हणणे, की आईने स्वतःच्या हाताने घातलेली घडी आहे, ती मोडायची नाही. "कात्री लावलीस की संपलं," ती फोनवर म्हणाली, "मग ते आईचं लुगडं राहत नाही, चिंध्या होतात." यावर मी काही बोलले नाही. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे. आईची तरुणपणची लुगडी तिने पाहिली आहेत, मी पाहिलेली नाहीत.

चिंधी या शब्दाला आपल्याकडे बरी वागणूक मिळाली नाही, हेही खरे. गोधडी, वाकळ, लेपडे ही गरिबाची पांघरुणे. संस्कृतातली कंथा ही संन्याशाने पांघरायची. विदर्भात 1876 साली परिटाच्या घरी जन्मलेला एक पुरुष अंगावर ठिगळांचे पांघरूण आणि हातात खराटा घेऊन गावोगाव हिंडला. लोक त्याला गोधडे महाराज म्हणत आणि गाडगे महाराज म्हणत. 1956 साली ते गेले. लोकांचे कपडे स्वच्छ करून देणाऱ्या घरातला माणूस स्वतः चिंध्या पांघरतो आणि गावचे रस्ते झाडतो, याकडे आपण नुसते कौतुकाने पाहतो. चिंधीची लाज वाटू नये, एवढे तरी त्यातून घ्यायला हरकत नव्हती. पण मध्यमवर्गीय घरात पाहुणे आले, की गोधडी अजूनही पलंगाखाली जाते आणि दुकानातली रजई बाहेर येते. अपवाद बाळाच्या दुपट्याचा. तिथे मात्र जुने, मऊ, आजीचेच लुगडे लागते.

मे महिन्यात ताई आली. ट्रंक उघडून आपण सगळी लुगडी एकदा उन्हात, म्हणजे सावलीतल्या वाऱ्यावर, घालू या, असे तिनेच सुचवले. सुती लुगडी निघाली तशीच्या तशी. मग तिने एक इरकल उचलले. इरकलीचे अंग बहुधा सुती असते आणि पदर रेशमी. अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे एकमेकांत अडकवून ते जोडतात. तो तांबडा पदर ताईने दोन्ही हातांनी अलगद उलगडला आणि घडीच्या रेघेवर तो फाटत गेला. आवाजसुद्धा झाला नाही. एक रेघ, दुसरी रेघ, तिसरी; जिथे जिथे आईने घडी घातली होती तिथे तिथे.

रेशमाचे असे होते. कापड वर्षानुवर्षे एकाच रेघेवर दुमडलेले राहिले, की तिथला धागा शिणतो आणि एक दिवस तुटतो. म्हणूनच वस्तुसंग्रहालयांत जुनी वस्त्रे शक्य तो रुळावर गुंडाळून ठेवतात, आणि घडी घालावीच लागली तर मध्ये मऊ कागदाच्या वळकट्या ठेवून अधूनमधून घडीची जागा बदलतात. ही माहिती मला होती. पण त्या क्षणी ती सांगण्याइतकी मी निष्ठुर नाही. ताई बराच वेळ पदर मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "तुझ्या त्या गोधडीवाल्या मावशींना उद्या बोलाव."

या मावशी मूळच्या माणदेशातल्या. आमच्या पलीकडच्या गल्लीत राहतात आणि घरोघर जाऊन गोधड्या शिवतात. त्या आल्या, त्यांनी पाचही लुगडी हाताने चाचपली आणि पहिला प्रश्न विचारला, "इस्त्री हाय ना घरात?" मला आश्चर्य वाटले. गोधडीला इस्त्री कशाला? त्यांच्या गावी, त्या म्हणाल्या, पितळी तांब्यात निखारे घालून तोच फिरवत. पण वरच्या थराचे तुकडे सपाट झाल्याशिवाय सुई हातात घ्यायची नाही, हा त्यांच्या सासूचा दंडक.

इस्त्री हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या भाषेतून, ताणणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला, असे कोशात सापडते. गंमत अशी, की चांगली इस्त्री करणाराने नेमके हेच करायचे नसते. कापडाला उभा धागा असतो, आडवा असतो. या दोन दिशांना ते फारसे हटत नाही. पण तिरके कापलेले कापड रबरासारखे लांबते. त्रिकोणी तुकड्यावर इस्त्री जोराने पुढे-मागे रेटली, की त्याची बाजू पाव इंच वाढते आणि मग तो शेजारच्या तुकड्याशी जुळत नाही. मावशी इस्त्री फिरवीत नव्हत्या, ठेवीत होत्या. ठेवायची, घडीभर, म्हणजे आपली बोलण्यातली घडी, थांबायचे, उचलायची, पुढे ठेवायची. आधी पाण्याचा हबका मारून कापड गुंडाळून ठेवलेले. म्हणजे ओल सगळीकडे सारखी मुरते. आणि दाबून झालेला तुकडा लगेच उचलायचा नाही. "निवू द्या, बाई. गरम हाय तवर ते कुणाचंच ऐकत न्हाई."

हे ऐकल्यावर मी रसायनशास्त्राच्या सहकारी प्राध्यापिकेला गाठले. सुती धागा म्हणजे सेल्युलोज. त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना हलक्या बंधांनी धरून असतात. पाणी आणि उष्णता मिळाली, की हे बंध सुटतात आणि साखळ्यांना जागा बदलता येते. कापड वाळून निवले, की त्या असतील त्या जागी पुन्हा एकमेकींना धरतात. सुरकुती पडते ती अशीच आणि जाते तीही अशीच. इस्त्रीवर ठिपके असतात, एक, दोन, तीन. त्यांचा अर्थ साधारण 110, 150 आणि 200 अंश. तीन ठिपके सुताचे, दोन रेशमाचे आणि लोकरीचे. पण सगळ्यात मौजेची गोष्ट मला ही वाटली, की कापड सपाट 'राहते' ते इस्त्री उचलल्यानंतर. आपण काहीच करीत नसतो, तेव्हा खरे काम चाललेले असते. गरम सदरा घाईने अंगात घातला, की कोपराशी पुन्हा चुण्या पडतात त्या यामुळेच. आमच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला कपडे करून झाल्यावर गठ्ठा तसाच मोकळा ठेवतो आणि आपण तगादा लावला तर कपाळाला आठी घालतो. तो आळशी आहे, असा सोसायटीत प्रवाद आहे. मला आता तो मान्य नाही.

गोधडीचा हिशोब सांगते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. लुगडे चौपदरी घातले, की दोन मीटर लांबीचे चार थर तयार होतात, रुंदी अंगचीच. एक लुगडे असे पोटात, एक खाली अस्तराला, आणि उरलेल्या तिघांचे तुकडे वर. धावदोऱ्याच्या दोन ओळींत बोटभर म्हणजे दोन सेंटीमीटर अंतर धरले, तर दोन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद गोधडीत सव्वाशे मीटर शिवण होते. एका सेंटीमीटरला एक टाका. म्हणजे साडेबारा हजार टाके! मावशींना मी हा आकडा सांगितला तेव्हा त्या हसल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "म्हणूनच मोजत न्हाई."

शिवण कडेपासून सुरू होते आणि चारी बाजूंनी फिरत फिरत आत मध्याकडे येते. उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला राहणाऱ्या सिद्दी बायका आपली कवंदीही अशीच शिवतात आणि चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या तुकड्यांचा 'फुला' लावतात. त्यावाचून कवंदी त्यांना उघडीबोडकी वाटते. मध्याकडे जाताना थरांमधली हवा आणि सैलपणा डाव्या तळव्याने पुढे पुढे सारायचा असतो. दोरा फार ओढला तर कापड आक्रसते, सैल सोडला तर रात्री पायाचे बोट अडकते. डावा हात खाली असतो. सुईचे टोक त्याला लागले, की सगळे थर भेदले गेले हे कळते. डोळ्यांना हे दिसत नाही. डाव्या हाताच्या बोटालाच ते कळते आणि म्हणून मावशींचे ते बोट चाळणीसारखे झालेले आहे.

आमच्या कॉलेजच्या सूचनाफलकावर त्याच सुमारास एक भित्तिपत्रक लागले होते: भरतकामातून माइंडफुलनेस, एक सकाळ, सामान आम्ही देऊ. फी मावशींच्या चार दिवसांच्या मजुरीपेक्षा जास्त. मी थट्टा करीत नाही. थकलेल्या माणसाने अशी एखादी सकाळ जरूर घ्यावी. पण माइंडफुलनेस म्हणताना आपले लक्ष आपल्याच मनाकडे वळते, तसे मराठीतल्या अवधान या शब्दाचे होत नाही. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधान मागून सुरू होतो. ते कुणाला तरी, कशाला तरी द्यायचे असते. आपल्याच पदरात बांधून घरी न्यायचे नसते.

मावशींना मी एकदा विचारलेच, की शिवताना मन शांत होते का. "शांत कसलं, बाई? मान धरती." दोन टाके घालून झाल्यावर त्या पुढे म्हणाल्या, "पर हात चालू असला, की इचार येत्यात आन जात्यात. टोचत न्हाईत." नंतर लगेच त्या कांद्याच्या भावावर आणि थोरल्या सुनेवर घसरल्या. हात मात्र एका टाक्यानेही चुकला नाही. मन गावभर हिंडत असते आणि अवधान बोटात बसलेले असते, असेही होऊ शकते. पुस्तकांतून आपण जे वाचतो त्यात हे बसत नाही, त्याला माझा इलाज नाही.

तिसऱ्या दिवशी ताई सुई घेऊन मावशींच्या समोरच्या कडेला बसली. मी ताईच्या डावीकडे. लहानपणी आम्ही दोघी एका पांघरुणात झोपत असू. त्यानंतर इतके जवळ, इतका वेळ, आम्ही बसल्याचे मला आठवत नाही. ताईचे टाके लांब आणि ठाम, माझे बारके. बोलणे फारसे होत नव्हते. मध्येच ताईने एका निळ्या तुकड्यावर बोट ठेवले. "हे लुगडं आईनं तू पोटात असताना घेतलं. तेव्हा तिला पाण्याची कळशीसुद्धा उचलवत नव्हती. मी धुवायची ते, आडावर." हे मला कुणी कधी सांगितले नव्हते. मग तिने हिरव्याचे सांगितले, ते बाबांच्या आजारपणातले. जांभळ्याचे तिला काही आठवत नव्हते; पण आईला ते आवडत नसे, एवढे मला आठवत होते, आणि ती ते मुद्दाम मोलकरणीच्या वाटणीतून का वगळीत असे, यावर आम्ही दोघींनी बरेच तर्क केले. मावशी ऐकत होत्या. त्यांनी जांभळा तुकडा उलटून पाहिला आणि म्हणाल्या, "वीण घट हाय. टिकाऊ म्हणून ठिवलं आसंल." आम्हांला दोघींना हे सुचले नव्हते.

गोधडी अकराव्या दिवशी पुरी झाली. ती ताईकडे गेली, कारण तिच्याकडे थंडी जास्त पडते. निदान ती तसे म्हणते. चार इरकली आणि दोन महेश्वरी माझ्याकडे आहेत. दर चार महिन्यांनी मी त्यांची घडी बदलते आणि फोन करून ताईला तसे कळवते. फाटलेल्या पदराला मागून जुने मलमल लावून टाके घालता येतील, असे मावशी म्हणतात, पण दिवाळीनंतर. सध्या त्यांच्याकडे दुपट्यांचे काम फार आहे. पाच लुगड्यांचे काठ मात्र तेवढे वेगळे काढून ठेवले आहेत. ताई म्हणते त्यांची उशांना झालर लावू. मला ते पसंत नाही. यावर अजून बोलणे चालू आहे.