चियांग माईला जायचंय? कॅलेंडर बघून जा

चि. भाचीस,

नोकरी पुण्याचीच ठेवून लॅपटॉपसह थायलंडला राहायचा तुझा बेत ताईकडून कळला. तिचा जीव टांगणीला लागलाय. बेत वेडगळ मुळीच नाही, पण तो इन्स्टाग्रामवरच्या फोटोंवर बेतलेला नसावा, म्हणून हे पत्र.

कल्पना तशी जुनी. माकिमोतो आणि मॅनर्स या जोडीने ‘डिजिटल नोमॅड’ हे पुस्तक १९९७ सालीच लिहिलं. पीटर लेव्हल्स या डच प्रोग्रॅमरने २०१४ साली ‘नोमॅड लिस्ट’ ही वेबसाइट काढली आणि खर्च, इंटरनेट, हवामान पाहून शहरांना गुण मिळू लागले. चियांग माई तेव्हापासून या लॅपटॉपवाल्या भटक्यांचं, म्हणजे नोमॅडांचं, लाडकं.

तिथल्या निम्मानहेमिन रस्त्याच्या गल्लीबोळांत कॅफेच कॅफे. बर्फ घातलेल्या एका कॉफीवर माणसं तासन्‌तास ठाण मांडतात. क्लायंटचा फोन आला की शहाणा माणूस उठून बाहेर जातो. जेवायला खाओ सोई: नारळाच्या दुधातल्या रश्श्यात नूडल्स, वर कुरकुरीत तळलेल्या नूडल्स, शेजारी लोणच्यातला मोहरीचा पाला, कांदा, लिंबू. ताईला सांग, शाकाहाऱ्यांनी पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरांत ‘जे’ लिहिलेली दुकानं शोधावीत. एरवी भाजीतसुद्धा माशाचा सॉस असतो.

घड्याळाचा हिशेब मात्र फोटोत दिसत नाही. थायलंड भारताच्या दीड तास पुढे. पुण्यात दहा वाजता मीटिंग असेल तर तिथे साडेअकरा. सकाळ मोकळी मिळते. पण क्लायंट न्यूयॉर्कचा असेल, तर हिवाळ्यात त्याच्या सकाळच्या दहाला तिथे रात्रीचे दहा. म्हणजे पुण्यात होणारं जागरण तिथे दीड तासाने वाढणार.

आता कागदपत्रं. विनाव्हिसा प्रवेश पर्यटकांसाठी आहे, त्यावर महिनोन्‌महिने नोकरी करणं म्हणजे विस्तवाशी खेळ. जुलै २०२४ पासून ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ मिळतो: मुदत ५ वर्षं, एका खेपेला १८० दिवस, वयाची अट २०, खात्यात ५ लाख बाट, म्हणजे बारा लाख रुपयांच्या वर. अर्ज थायलंडबाहेरूनच करायचा. बाली हवंच असेल, तर इंडोनेशिया अशा व्हिसासाठी वर्षाला ६०,००० डॉलरचं उत्पन्न मागतो. तिथे आपल्याकडचे बहुतेक पगार गळतात. थाई व्हिसातली मेख वेगळी. कॅलेंडर वर्षात १८० दिवस भरले की माणूस तिथला करदाता रहिवासी ठरतो, आणि २०२४ पासून परदेशी कमाई तिथे आणली की करपात्र होऊ शकते. व्हिसा जेवढे दिवस देतो, तेवढे सगळे एकाच वर्षात वापरायची हौस महागात पडू शकते.

खरा प्रश्न धुराचा. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तर थायलंडमध्ये मक्याची धाटं आणि डोंगरावरची जंगलं जळतात. म्यानमार आणि लाओसमधूनही धूर येतो. शहर डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात, वारा पडलेला, त्यामुळे धूर तिथेच कोंडतो. शहराच्या उशाशी असलेला दोई सुथेपचा डोंगर दिसेनासा होतो. हवेतल्या सूक्ष्म कणांची (पीएम २.५) जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम. मार्चमध्ये तिथला आकडा शंभरी ओलांडू शकतो. स्थानिकांनी सरकारला कोर्टात खेचलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये चियांग माईच्या प्रशासकीय न्यायालयाने ९० दिवसांत उपाययोजना आखण्याचा आदेश दिला. नोमॅड या दिवसांत दक्षिणेच्या बेटांवर पळतात. धुराचे दिवस काढतात ते कॅफेत कॉफी बनवणारे आणि रस्त्यावरच्या लाल सोंगथेव टॅक्सी चालवणारे. फोटोंमध्ये हीच माणसं नसतात, याचा राग येतो.

तेव्हा नोव्हेंबरात जा. स्कूटर भाड्याने घेण्याआधी दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय परवाना काढ, नाहीतर अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करेल. ऑफिसची परवानगी तोंडी नको, मेलवर घे. आणि परतीचं तिकीट जानेवारीअखेरचंच काढ.

तुझा,
मामा