पाहून सांगते

रुग्णालयात येणाऱ्या माणसाला बाह्यरुग्ण विभाग ठाऊक असतो, वॉर्ड ठाऊक असतात, औषधांची खिडकी तर पाठच झालेली असते. त्याच आवारात, परिचारिका घडविणाऱ्या महाविद्यालयाच्या इमारतीत, एक ग्रंथालयही असते, याची मात्र त्याला सहसा कल्पना नसते. असण्याचे कारणही नाही. तेथून त्याला ना गोळी मिळते, ना सलाईन. पण ज्या मुलीच्या हातून त्याला ती गोळी मिळणार असते, ती मुलगी आदल्या संध्याकाळी त्या ग्रंथालयात बसून काय वाचते, कोणत्या सालचे वाचते आणि अडल्यास कोणाला विचारते, यावर त्या रुग्णाचे पुष्कळ काही अवलंबून असते.

मुंबईतील अशा एका परिचर्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी १९८९ पासून एकतीस वर्षे काम केले. वसईहून पहाटेची गाडी आणि रात्री परतीची गाडी, असा तो क्रम होता. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांतून एखादी मुलगी परिचारिका झालेली आहे. त्या घरांतील मंडळींना तिच्या शिक्षणाची ही एक बाजू ठाऊक असावी, म्हणून हे लिहावेसे वाटले.

पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलींपैकी बऱ्याचजणी मराठी शाळेतून आलेल्या असत. कोणी वसई-पालघरची, कोणी नगरकडची, कोणी थेट विदर्भातील. अभ्यासाची पुस्तके सारी इंग्रजी, आणि तीही जाडजूड. शरीररचनाशास्त्राचा ग्रंथ हाती घेतल्यावर मुलीचा चेहरा कसा उतरतो, हे मी दर जुलै-ऑगस्टात पाहत आले. म्हणून पहिल्या आठवड्यात मी त्यांना पुस्तक देण्याआधी शब्द फोडायला शिकवीत असे. वैद्यकातील लांबलचक शब्द म्हणजे आपल्याकडील सामासिक शब्दांसारखेच. शेवटी ‘आयटिस’ दिसले, की दाह समजावा. ‘कार्डिओ’ आला, की हृदय. ‘नेफ्रो’ आला, की मूत्रपिंड. दहा-वीस तुकडे ओळखीचे झाले, की शेकडो शब्दांची भीती जाते.

त्यांतील दोन तुकडे मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवी: ‘हायपो’ आणि ‘हायपर’. एक म्हणजे कमी, दुसरा म्हणजे अधिक. घाईच्या हस्ताक्षरात दोन्ही सारखेच दिसतात आणि अर्थ मात्र नेमका उलटा. मधुमेही रुग्णाच्या रक्तातील साखर वाढली असेल, तर इन्सुलिन त्याला तारते. साखर उतरलेली असताना तेच इन्सुलिन दिले, तर ते त्याच्या जिवावर बेतू शकते. एका अक्षराचा हा फरक ज्या मुलीला ग्रंथालयात पक्का कळला, ती वॉर्डात केसपेपर दोनदा वाचल्याशिवाय सुईला हात लावीत नाही.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रे सांगितली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा, आणि ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, अशी ती सूत्रे. आम्हां ग्रंथपालांना ती मुखोद्गत असतात. परंतु रुग्णसेवेच्या शिक्षणात पाचव्या सूत्राला एक कठोर अर्थ प्राप्त होतो. झाड वाढते, तेव्हा जुनी पाने गाळते. कथा-कादंबऱ्यांच्या ग्रंथालयात जुने पुस्तक हे भूषण ठरते. आमच्या कपाटात तेच संकट ठरू शकते.

एक उदाहरण देते. हृदय बंद पडलेल्या माणसाला वाचविण्याचा जो क्रम जगभर शिकविला जाई, तो असा होता: आधी श्वासमार्ग मोकळा करा, मग श्वास द्या आणि त्यानंतर छाती दाबा. २०१० साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने हा क्रम बदलला. प्रौढ माणसाच्या बाबतीत आधी छाती दाबणे सुरू करावे, कारण श्वासाच्या खटपटीत जाणारे आरंभीचे क्षण रक्ताभिसरणासाठी अमोल असतात, हे त्यामागील कारण. २००८ साली घेतलेली आमची पुस्तके तोवर नवीकोरी होती. बांधणी उत्तम, चित्रे रंगीत, आणि एका महत्त्वाच्या प्रकरणापुरती ती कालबाह्य. मी ती कपाटातून काढली, तेव्हा कार्यालयातून विचारणा झाली, की दोन वर्षांत पुस्तक जुने कसे होते? दाखल नोंदवहीतून एकेक क्रमांक कमी करताना मलाही बरे वाटत नव्हते. पण परीक्षेच्या आदल्या रात्री घाईने हात घालणाऱ्या मुलीला कपाटातील कोणते पुस्तक शिळे आहे हे कसे कळणार? ते जाणणे हेच ग्रंथपालाचे काम.

या संदर्भात एका गृहस्थांची आठवण येते. त्यांची पत्नी आयुष्यभर परिचारिका होती. तिच्या निधनानंतर काही महिन्यांनी ते तिच्या पुस्तकांच्या दोन लोखंडी पेट्या टॅक्सीत घालून माझ्याकडे आले. “तिच्यासारख्या मुलींच्या उपयोगी पडू द्यात,” एवढेच ते म्हणाले. पुस्तके तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची होती. ती कपाटात ठेवता येणार नाहीत, हे त्यांना सांगणे मला भाग होते. मी सांगितले, आणि ते काही न बोलता बसून राहिले. त्यांच्यासमोर एकेक पुस्तक चाळताना औषधांच्या एका पुस्तकावर माझी नजर थांबली. तापाच्या प्रकरणात लहान मुलांना अॅस्पिरिन किती द्यावे, याचे छापील कोष्टक होते. त्यावर पेन्सिलीने तिरकी रेघ मारलेली होती आणि समासात बारीक अक्षरांत लिहिले होते: ‘मुलांना नको. १९८७.’

ऑस्ट्रेलियातील डग्लस राय या विकृतिशास्त्रज्ञाने १९६३ साली मुलांच्या मेंदूवर आणि यकृतावर घाला घालणाऱ्या एका विकाराचे वर्णन केले. पुढे त्याचा संबंध विषाणूजन्य तापात दिलेल्या अॅस्पिरिनशी असल्याचे दिसून आले, आणि १९८६ साली ब्रिटनने बारा वर्षांखालील मुलांना तापासाठी ते देणे थांबविले. त्यानंतर वर्षभरात मुंबईतील एका वॉर्डात काम करणाऱ्या बाईंनी आपल्या पुस्तकातील ते कोष्टक स्वतःच्या हाताने खोडले होते. मी ते पान त्या गृहस्थांपुढे धरले आणि म्हटले, “काका, एवढे एक मी ठेवून घेते. अभ्यासाला नाही, दाखवायला.” निवृत्त होईपर्यंत दरवर्षी नव्या मुलींना मी ते पान दाखवीत असे. पुस्तक कसे वापरावे, हे याहून चांगले मला सांगता आले नसते.

याचा अर्थ जुने सारे टाकून द्यावे, असा मात्र नाही. अमेरिकेतील जॉन बिलिंग्ज या लष्करी शल्यचिकित्सकाने १८७९ साली वैद्यकीय लेखांची ‘इंडेक्स मेडिकस’ ही सूची सुरू केली. तिचे जाड खंड चाळून, हवा तो लेख दिल्लीच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाला पत्र लिहून मागवायचा आणि त्याच्या छायाप्रतीची वाट पाहायची, हे आमच्या पिढीने केले. १९९७ साली ‘पबमेड’ ही संगणकीय सूची सर्वांना विनामूल्य खुली झाली आणि २००४ अखेर छापील सूची बंद पडली. काम सोपे झाले. परंतु २००१ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एक दुर्घटना घडली. दम्यावरील संशोधनासाठी हेक्सामेथोनियम नावाचे औषध हुंगविल्यानंतर चोवीस वर्षांच्या एका निरोगी स्वयंसेविकेचा फुप्फुसे निकामी होऊन मृत्यू झाला. संशोधकाने पबमेडमध्ये शोध घेतला होता. पण ती सूची तेव्हा १९६६ पर्यंतच मागे जात होती. त्या औषधाने फुप्फुसांना इजा होत असल्याचे लेख १९५० च्या दशकातच छापले गेले होते. ते अस्तित्वात होते, केवळ त्या पडद्यावर उमटले नव्हते. शिकणाऱ्या मुलीच्या हाती नवे पुस्तक द्यावे आणि जुना लेख कोठे सापडेल हेही ठाऊक असावे, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे.

आज साधनांना तोटा नाही. उपचारांच्या पुराव्यांची छाननी करणारे ‘कॉक्रेन लायब्ररी’ २००७ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशभरातील वाचकांना खुले करून दिले. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची ही योजना. जवळपास तेरा हजार नियतकालिके तीतून शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना मिळावीत, असा तिचा हेतू. पहिल्या टप्प्यात खासगी न्यासांच्या महाविद्यालयांचा तीत समावेश नव्हता, आणि आपल्या मुली शिकतात ती बहुतेक महाविद्यालये न्यासांचीच आहेत.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. मी निवृत्त झाल्यावर माझी जागा भरली गेली नाही. “मोबाईलवर सगळे मिळते, मग ग्रंथपाल कशाला?” हा प्रश्न माझ्यासमोरच विचारला गेला होता. आता तेथील किल्ली कार्यालयातील लिपिकाकडे असते आणि ग्रंथालय दहा ते पाच उघडे असते. सकाळी सातला वॉर्डात हजर होणाऱ्या आणि दुपारी तासांना बसणाऱ्या मुलींनी तेथे जावे केव्हा? आमच्या वेळी ते रात्री नऊपर्यंत उघडे असे, आणि खरी गर्दी सातनंतरच होई.

अशाच एका संध्याकाळी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी गणवेशातच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वॉर्डातील सिस्टरांनी तिला बजावले होते, की पोटॅशियम क्लोराईडची कुपी कधीही तशीच थेट शिरेत द्यायची नाही, सलाईनमध्ये मिसळून हळूहळूच द्यायची. “मॅडम, का ते मला बघायचंय,” ती म्हणाली. आम्ही दोन पुस्तके काढली. हृदयाचा ठोका पोटॅशियमच्या कोणत्या समतोलावर चालतो आणि एकाएकी भर पडताच तो कसा थांबतो, हे तिने वहीत उतरवून घेतले. आज्ञा वॉर्डात मिळाली होती, कारण ग्रंथालयात सापडले. आज्ञा थकव्याने विसरू शकते. कारण सहसा विसरत नाही.

रुग्णाच्या नातेवाइकाने काही विचारले, की झटकन उत्तर देण्याचा मोह नव्या परिचारिकेला होतोच. मी मुलींना सांगत असे, की “पाहून सांगते” या दोन शब्दांत कमीपणा नाही. ज्या मुलीला कोठे पाहायचे हे ठाऊक आहे, तीच हे शब्द निर्धास्तपणे उच्चारू शकते.

वाचकांना एवढीच विनंती, की मुलीचा वा मुलाचा प्रवेश घेताना वसतिगृह आणि खानावळ पाहता, तसे ग्रंथालयही पाहा. ते किती वाजेपर्यंत उघडे असते, तेथे प्रशिक्षित ग्रंथपाल आहे का, कपाटातील औषधशास्त्राचे पुस्तक कोणत्या सालचे आहे, हे विचारा. पालक विचारू लागले, म्हणजे व्यवस्थापनालाही उत्तर शोधावे लागते. आणि आपल्या प्रिय व्यक्तीच्या स्मरणार्थ चर्चला बाक देण्याची आपली प्रथा आहे, तशीच एखाद्या परिचर्या महाविद्यालयाला एका पाठ्यपुस्तकाची ताजी आवृत्ती द्यावी. पहिल्या पानावर नाव घालावे, आणि चार-पाच वर्षांनी ते पुस्तक कपाटातून उतरेल तेव्हा वाईट वाटून न घेता पुढची आवृत्ती द्यावी.