पाच अंड्यांची किंमत

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी धर्मकार्याविषयी लिहायला बसला, तरी तो शेवटी हिशेबावरच येणार हे उघड आहे. वाचकांनी ते गोड मानून घ्यावे. बेळगावच्या वेशीवरच्या एका लहानशा चर्चचा मी सभासद. तिथे मिसा एका रविवारी मराठीत, तर दुसऱ्या रविवारी कानडीत होते; भांडणे मात्र दोन्ही भाषांत सारखीच रंगतात. असेच एक भांडण गेल्या वर्षी मिशन रविवारच्या दानावरून झाले. त्याविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत.

मिशन रविवार म्हणजे ऑक्टोबरातला शेवटून दुसरा रविवार. पोप अकरावे पायस यांच्या काळात, १९२६ साली, तो ठरला. त्या दिवशी जगभरच्या कॅथॉलिक चर्चमध्ये जमलेले दान एकत्र करून गरजू धर्मप्रांतांना वाटायचे, अशी पद्धत आहे. आमच्याकडे पाकिटे असतातच, शिवाय मिसा संपल्यावर अंगणात लिलाव होतो. कोणी शेवग्याच्या शेंगांची जुडी आणतो, कोणी केळ्यांचा घड, कोणी कोंबडा. एका म्हाताऱ्या आजींनी पाच अंडी आणली होती. बाजारात त्यांचे फार तर चाळीस रुपये झाले असते. लिलावात ती दोनशे वीस रुपयांना गेली. घेणाऱ्याने ती आजींनाच परत दिली, तर आजींनी ती पुन्हा लिलावाला ठेवली! वही माझ्याकडे होती. मालमत्तेच्या रास्त किमतीहून जास्त मोजलेल्या रकमेला आमच्या पुस्तकात 'गुडविल' म्हणतात. इतके खरेखुरे गुडविल मी कुठल्याही ताळेबंदात पाहिलेले नाही.

पण त्याच सुमारास चर्चचे छप्पर गळत होते. पावसाळाभर वेदीच्या उजव्या बाजूला दोन बादल्या मांडलेल्या असत. सभेत एका वडीलधाऱ्यांनी विचारले, "आपल्या डोक्यावर पाणी पडतंय आणि पैसे पाठवायचे आफ्रिकेला? निम्मे इथंच ठेवूया की!" प्रश्न रास्त होता. तो आमच्या घरातही होता. आईने शिलाईच्या पैशांतून शंभर रुपये पाकिटात घातले होते आणि त्याच महिन्यात माझी परीक्षा-फी भरायची होती. फादर म्हणाले, "बाळ, तू बी.कॉम.ला आहेस. दोन्ही बाजू बघ आणि पुढच्या सभेत मांड." मग मी वाचायला लागलो.

वाचता वाचता मी फ्रान्समधल्या लियाँ शहरी जाऊन पोहोचलो. ते रेशमाचे गाव. आपल्या शहापूर-वडगावच्या मागांची खटखट ज्यांच्या कानांत आहे, त्यांना ते परके वाटू नये. तिथल्या एका रेशीम-व्यापाऱ्याची मुलगी पोलीन जारिको (१७९९-१८६२). तिने रेशीम-कामगार बायकांपासून सुरुवात केली. प्रत्येकीने मिशनांसाठी रोज एक लहानशी प्रार्थना म्हणायची आणि आठवड्याला एक सू द्यायचा. सू म्हणजे फ्रँकचा विसावा भाग. एकीने दहा जणांकडून पैसे घ्यायचे, अशा दहांचे पैसे शंभरांच्या प्रमुखाने घ्यायचे, आणि अशा दहा शंभरांचे हजारांच्या प्रमुखाने. १८२२ साली यातूनच धर्मप्रसाराची संस्था उभी राहिली आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९२२ मध्ये, ती पोपच्या अखत्यारीत आली.

मी गणित करून पाहिले. हजार माणसे, बावन्न आठवडे, म्हणजे ५२,००० सू. त्यांचे झाले २,६०० फ्रँक. थेंबे थेंबे तळे साचे हे आपण दुसरीत शिकलो, पण तळ्याला बांध घालावा लागतो हे त्या म्हणीत नाही. जारिकोची दहांची साखळी हा तो बांध. तिच्यात कोणालाही दहांपेक्षा जास्त माणसांचा हिशेब ठेवावा लागत नाही, म्हणून चूक चटकन सापडते. तिचे पुढचे आयुष्य मात्र कष्टाचे गेले. कामगारांच्या भल्यासाठी काढलेला लोखंडाचा कारखाना बुडाला आणि ती कर्ज फेडता फेडता दारिद्र्यात वारली. २२ मे २०२२ रोजी लियाँमध्येच तिला 'धन्य' घोषित करण्यात आले.

दुसरी गोष्ट कळली ती आपल्याकडची. भारतातले लॅटिन परंपरेचे धर्मप्रांत रोमच्या मिशन-विभागाच्याच देखरेखीखाली येतात. बेळगावचा धर्मप्रांत तर १९५३ सालचा. म्हणजे या खात्यात आपण केवळ देणेकरी नाही. एकाच वहीत आपले नाव जमेच्या आणि नावेच्या अशा दोन्ही बाजूंना लागू शकते. देण्याची परंपराही आपल्या भागाला नवी नाही. गोव्यातल्या बाणावलीचे जोसेफ वाझ (१६५१-१७११) १६८७ साली गरीब मजुराच्या वेशात सिलोनला पोहोचले. तिथे डचांनी कॅथॉलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. कँडीच्या राजाने त्यांना पोर्तुगीजांचा हेर समजून कैदेत टाकले. त्यांनी तमिळ आणि सिंहली शिकून घेतली आणि पुढे देवीच्या साथीत, माणसे आजाऱ्यांना टाकून पळत असता, त्यांची शुश्रूषा केली. २०१५ मध्ये कोलंबोत त्यांना संतपद मिळाले.

हे वाचन चालू असता वर्गातल्या एका जिवलग मित्राने मला सरळच विचारले, "हा पैसा धर्मांतरासाठी ना?" मला राग आला नाही, मनात ठेवण्यापेक्षा विचारलेले बरे. मी सांगितले की मिशनकार्यात श्रद्धा सांगणे येतेच, ते मी नाकारणार नाही. त्याबरोबर धर्मगुरूंचे शिक्षण, धर्मशिक्षक, प्रार्थनागृहे, शाळा, दवाखाने हेही येते. पण बळजबरीने किंवा आमिषाने कोणाला ओढू नये, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच बजावले आहे. आपल्या राज्यघटनेचे २५ वे कलम धर्म आचरण्याचा आणि प्रसाराचा हक्क देते. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. दोन्ही वाक्ये मला मान्य आहेत. मित्र म्हणाला, "मग हिशेब उघडा ठेवा, म्हणजे झालं." हे वाक्य मी सभेसाठी जपून ठेवले.

सभेत मी तीन मुद्दे मांडले. पहिला, १९८३ च्या धर्मसंहितेनुसार मिशनसाठी वार्षिक वर्गणी पाठवायचीच असते. आणि ज्या कामासाठी लोकांनी पाकीट भरले, त्याच कामाला ते गेले पाहिजे. आजींनी अंडी छपरासाठी दिली नव्हती. दुसरा, छपरासाठी वेगळे खाते काढावे आणि जारिकोच्या पद्धतीने दहा-दहांची साखळी करावी. तिसरा, दोन्ही खात्यांची जमा आणि पाठवलेली रक्कम मराठी-कानडीत दारावरच्या फळ्यावर लागावी. थोडी कुरकुर झाली. "फळ्यावर कशाला? देवाला दिसतं ना!" असे कोणी म्हणाले. त्यावर ते वडीलधारेच उठले आणि म्हणाले, "देवाला दिसतं, पण मला चष्मा लागतो. लावा फळ्यावर."

छपराचे अर्धे पत्रे यंदाच्या मे महिन्यात बदलले. उरलेल्यांसाठी साखळी चालू आहे. माझ्या दहांत आठवड्याला दहा रुपये देणारे सध्या सात जण आहेत, तीन मागे पडले आहेत. त्यांच्याकडे मी तगादा लावत नाही, चौकशी करतो. एकाची नोकरी गेली होती, हे मला त्या चौकशीतूनच कळले. वर्गणी मागायला गेलेल्या माणसाला शेजाऱ्याची परिस्थिती समजते, हा लाभ कुठल्या खात्यावर लिहावा, ते आमच्या सरांनाच विचारायला हवे.