ठिणगी डोळ्यांना दिसायची

पावसाळ्यात प्रीमियर पद्मिनी सकाळी सेल्फ घ्यायची, पण सुरू व्हायची नाही. टाकीत पेट्रोल असायचं, बॅटरी धडधाकट असायची. मग वडीलधारं कुणीतरी बॉनेट उघडून म्हणायचं, "करंट येत नाहीये." आमच्या पिढीतल्या पोरांना तेवढं पुरे असे. एकाने किल्लीपाशी बसायचं, दुसऱ्याने डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधली मधली जाड वायर उपसून तिचं टोक इंजिनाच्या धातूपासून पाव इंचावर धरायचं, तेही कोरड्या फडक्यात. कारण झटका बसला की हात खांद्यापर्यंत झिणझिणायचा. "मार!" म्हटलं की सेल्फ, "थांब!" म्हटलं की बंद. कडकडीत निळी ठिणगी उडाली तर कॉइल, कंडेन्सर, पॉइंट शाबूत. दोष पुढे, कॅपमध्ये नाहीतर रोटरमध्ये. मलूल पिवळी आली किंवा आलीच नाही, तर मागे शोधायचं.

आता बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते आणि पॉइंटचं काम सेन्सर करतो. ठिणगी पडेना, तर मेकॅनिक डॅशबोर्डखाली स्कॅनर जोडतो आणि पडद्यावर 'पी०३३५' उमटतं: क्रँकशाफ्ट सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड. चांगला मेकॅनिक तरीही आधी वायरिंग तपासतो, मगच सेन्सर बदलतो. पण आपण बाजूला उभे असतो. हात लावूही नये, कारण इथला विद्युतदाब कितीतरी जास्त आणि इलेक्ट्रॉनिक्स नाजूक.

तेव्हा कॅपच्या दोन क्लिपा काढल्या की आत ओल दिसायची. पुसायची, वाळवायची. कधी आतल्या भिंतीवर केसाएवढी काळी रेघ सापडायची. करंट प्लगपर्यंत न जाता तिथूनच पळत असे. पॉइंट काळे पडले असतील तर पॉलिश पेपरने हलकेच घासायचे आणि फिलर गेजने फट बेतायची. गेज नसेल तर व्हिजिटिंग कार्ड. घासलेले पॉइंट लगेच पुन्हा जळले, तर कंडेन्सर गेला समजायचं. पॉइंट उघडताक्षणी कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट होतात, हे आम्ही शाळेत पाठ करण्याआधी बॉनेटखाली पाहिलं.

हे सगळं सुखाचं होतं असं मात्र म्हणवत नाही. पॉइंट झिजायचे, फट हलायची, टायमिंग बिघडायचं, पेट्रोल जास्त जळायचं. रात्री बोरघाटात लेकराबाळांसह बंद पडलेल्या गाडीत बसलेल्या बाईला त्या ठिणगीचं कौतुक कुणी सांगू नये. आजची गाडी तिला वेळेवर घरी पोचवते, आणि तेच मोलाचं आहे.

२०२३च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. तिच्या गोलाईबद्दल, सीटबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. बिघाडाचा माग काढत जाणारी ती नजर मात्र कुणाच्या आठवणींत फारशी आली नाही, आणि मला तिचीच हळहळ जास्त वाटते. त्या नजरेपायी शेजारी जमायचे, ड्रायव्हर आपला सुटा कंडेन्सर काढून द्यायचा, पोराच्या हाती पहिल्यांदा स्क्रू ड्रायव्हर यायचा.

पद्मिनी जपणारे काहीजण हल्ली पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवतात. लांबच्या प्रवासाला तेच योग्य. मात्र जुने पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत असू द्यावेत. किट वाटेत गेलं तर ते रस्त्याकडेला घासून दुरुस्त होत नाही.